घरातील वेळेचा जमाखर्च
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाने ग्रंथालयाच्या शताब्दीत कवितेवर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ती रास्त आहे. आज मात्र मी मिनिटांविषयी बोलणार आहे. स्त्रीचा आणि पुरुषाचा दिवस चोवीस तासांचाच असतो. त्यांपैकी किती तासांचे पैसे मिळतात, किती तासांचे मिळत नाहीत आणि वाचनासाठी कोणाच्या वाट्याला काय उरते, हा माझा विषय. तो ग्रंथालयाच्या बाहेरचा वाटला, तरी शेवटी मला आपल्याच देवघेवीच्या टेबलाशी यायचे आहे.

माझ्या लहानपणी या ग्रंथालयाचे सभासदत्व वडिलांच्या नावावर होते. पुस्तके मात्र आई वाचीत असे. आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलून आणण्याचे काम माझ्याकडे होते. आई कागदाच्या चिठोऱ्यावर चार-पाच नावे लिहून देई, आणि मी दांडिया बाजारातून धावत येथे येई. एकदा एका कादंबरीच्या पानावर हळदीचा ठसा उमटलेला निघाला, अंगठ्याचा, अगदी स्पष्ट. ग्रंथपालांनी पन्नास पैसे दंड केला. घरी येऊन सांगितल्यावर आई हसली आणि म्हणाली, "मग काय हात धुऊन वाचू? हात धुवायला गेले की बोलावणे येते." नोंदवहीत त्या पुस्तकासमोर वडिलांचे नाव आहे. वाचक म्हणून आईची या संस्थेत कोठे नोंद असेल, तर ती त्या ठशाची. ती प्रत पुढे बाद झाली असावी.

आपल्या भाषेत या प्रकारचे पुरावे फार आहेत. शाळेत मुलाला विचारतात, "आई काय करते?" मुलगा सांगतो, "काही नाही, घरी असते." 'कामाला जाते' असे म्हटले की दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई डोळ्यांपुढे येते. तीच भांडी, तोच नळ, तीच राख किंवा हल्लीची साबणवडी. घर बदलले की काम होते, आपल्या घरी आली की ते काम राहत नाही. पुरुषाचे काम 'संपते', स्त्रीचे काम 'उरकते'. उरकलेले काम पुन्हा उद्या उभे राहणार, हे त्या क्रियापदातच आहे. आणि स्तुती करायची झाली तर आपण या कष्टांना 'अमूल्य' म्हणतो. संस्कृतचा अभ्यास असलेल्यांना सांगायला नको की ज्याचे मूल्य करता येत नाही तेही अमूल्य, आणि ज्याला मूल्य दिलेलेच नाही तेही अमूल्य.

आता आकड्यांकडे येतो. कंटाळा येऊ देणार नाही, थोडेच देतो.

आपल्या देशात लोक आपला वेळ कसा घालवितात याची पहिली मोठी सरकारी पाहणी जुलै १९९८ ते जून १९९९ या वर्षात झाली. ती सहा राज्यांत झाली आणि त्यांत आपला गुजरात आणि शेजारचा मध्य प्रदेश ही दोन्ही होती. म्हणजे वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर ही आपल्या लोकांची जुनी गावे ज्या मुलखात आहेत, तोच मुलूख. त्या पाहणीत असे दिसले की राष्ट्रीय उत्पन्नात ज्याची गणना होते असे काम पुरुष आठवड्याला सुमारे ४२ तास करतात आणि स्त्रिया सुमारे १९ तास. घरकाम आणि घरातल्यांची काळजी यांत मात्र पुरुषांचे साडेतीन तासांहून थोडे अधिक, तर स्त्रियांचे साडेचौतीस तास जातात. दोन्ही मिळून बेरीज करा. स्त्रीचा आठवडा पुरुषाच्या आठवड्याहून साडेसात तासांनी जड निघतो. म्हणजे कचेरीचा आणखी एक पुरा दिवस.

त्यानंतर वीस वर्षांनी, २०१९ साली, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने सबंध देशभर अशी पाहणी केली. सुमारे १ लाख ३९ हजार घरे त्यांनी पाहिली. पाहणीची रीत ऐकण्यासारखी आहे. पाहणीसाठी आलेला माणूस आदल्या दिवशी पहाटे चारपासून त्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या घरांत मांडतो आणि प्रत्येक घरात काय केले ते विचारून लिहितो. पहाटे चार ही वेळ ज्याने ठरविली त्याला आपल्या जुन्या घरांची माहिती असावी असे मला उगाचच वाटून गेले.

त्या वर्षी सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणींनी आदल्या दिवशी बिनपगारी घरकाम केले होते, आणि अशा प्रत्येकीचे सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे एका मिनिटाने कमी असे पाच तास, त्यात गेले होते. शंभर पुरुषांपैकी २६ जणांनी घरकाम केले होते आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही ९७ मिनिटे फक्त त्या २६ जणांची आहेत. उरलेल्या ७४ जणांनी त्या दिवशी कपही विसळला नव्हता. त्यांनाही धरून सरासरी काढली, तर पुरुषांच्या वाट्याला दिवसाला पंचवीस मिनिटे येतात आणि स्त्रियांच्या वाट्याला चार तासांहून अधिक. रोजगाराचे चित्र नेमके उलटे आहे: १०० पुरुषांपैकी ५७ जण, रोज सरासरी ४५९ मिनिटे, १०० स्त्रियांपैकी १८ जणी, ३३३ मिनिटे. स्त्री कामावर जाते तेव्हाही तिला दोन तास कमी मिळतात. ते दोन तास कोठे गेले हे मघाच्या आकड्यांत आहे.

२०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची मिनिटे २९९ वरून २८९ वर आली. दहा मिनिटे वाचली, चांगली गोष्ट. ती पुरुषांनी उचलली का? घरकाम करणाऱ्या पुरुषाची मिनिटे ९७ वरून ८८ वर आली. त्यांचीही नऊ मिनिटे वाचली! घरकाम करणारे पुरुष शंभरात २६ चे २७ झाले, एवढीच काय ती वाढ.

यावर अर्थशास्त्राचे लोक सांगतील की घरकाम हे मुळात 'उत्पादन' नाही. याचा नियम मोठा मौजेचा आहे. राष्ट्रीय हिशेबाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत १९९३ साली सुधारून मान्य झाली, तिच्याप्रमाणे स्त्रीने गाईचे दूध काढले तर ते उत्पादन. तेच दूध मुलांसाठी तापविले तर नाही. डोक्यावरून पाण्याची घागर आणली तर उत्पादन. त्या पाण्यात डाळ शिजविली तर नाही. ही रेषा बरोबर चुलीच्या कडेवरून जाते. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात ही अडचण कबूल केली होती: एखाद्याने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले, तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, हात तेच; पगार तेवढा थांबला.

न्यायालयांना मात्र या वेळेची किंमत करावी लागली आहे. ती कधी करावी लागली, हे पाहण्यासारखे आहे. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला एका समारंभाच्या मांडवाला आग लागून बायका-मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या घरातील सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. मोटार अपघातांच्या कायद्याला १९९४ साली जे परिशिष्ट जोडले गेले, त्यात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक-तृतीयांश धरावे असे सांगितले होते. म्हणजे सारख्याच दोन गृहिणी, पण एकीचा नवरा कारकून आणि दुसरीचा साहेब असेल, तर दुसरीची पोळी तिप्पट मोलाची. २०१० साली न्या. ए. के. गांगुली यांनी एका निकालात लिहिले की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या सुमारे ३६ कोटी स्त्रियांना काम न करणाऱ्यांत टाकून भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला बसविण्यात आले आहे. आणि जानेवारी २०२१ मध्ये न्या. एन. व्ही. रमणा यांनी मी आपल्याला सांगितलेली २०१९ ची २९९ मिनिटेच निकालपत्रात नोंदविली. हे सारे खटले नुकसानभरपाईचे होते. स्त्रीचा वेळ मोजण्याचे काम कायद्याने केले ते ती गेल्यानंतर.

यंत्रे आली, आता काय राहिले आहे काम, असा एक सूर नेहमी निघतो. गॅस आला, मिक्सर आला, धुलाईयंत्र आले, हे खरे. आपल्या शहरात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने आले, ते स्त्रीचा वेळ वाचविणारे पहिले मोठे सार्वजनिक काम होते असे मी मानतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या चरित्रांत ते शहरसुधारणेच्या प्रकरणात असते. पण जोअॅन व्हॅनेक या विदुषींनी १९७४ साली अमेरिकेतील जुन्या-नव्या नोंदी पडताळून दाखविले, की १९२० च्या दशकात पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत होती आणि १९६० च्या दशकात सुमारे ५५. सगळी यंत्रे मधल्या काळात आली होती! कपडे धुणे सोपे झाले, तसे ते रोज धुवावेसे वाटू लागले. आपल्याकडेही हे घडले आहे. माझ्या आजीच्या घरी एक भाजी होत असे. माझ्या घरी दोन होतात, आणि मुलांसाठी तिसरे काहीतरी.

वडोदऱ्याला या विषयात थोडा अभिमान बाळगता येईल. येथील विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या काळात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द बदलून 'सर्व मानव' असे करविणाऱ्या त्या याच. आम्ही विद्यार्थी असताना त्या इमारतीवरून जाताना 'पोळ्या लाटण्याची पदवी' म्हणून हसत असू. घरातल्या वेळेचे नियोजन हा तेथे अभ्यासाचा विषय होता. आमच्या अभ्यासक्रमात तो नव्हता, आणि हसण्याचे कारण तेवढेच होते.

त्याही मागे जायचे तर १९०६ साली महाराजांनी सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलींनाही केले, हे त्या काळी केवढे धाडस होते ते सांगायला नको. तरी त्या कायद्यात मुलग्यांसाठी वय सात ते बारा होते आणि मुलींसाठी सात ते दहा. ती दोन वर्षे मी बऱ्याचदा मनाशी घोळवतो. दहा वर्षांची मुलगी घरात हाताशी येते, हे महाराजांच्या प्रजेला ठाऊक होते आणि कायदा करणाऱ्यांनाही असावे. पुढे १९१० मध्ये बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या. पुस्तक दारापर्यंत गेले. ते उघडून बसण्याला लागणारा तास पेटीतून पाठविता येण्यासारखा नव्हता.

येथे माझ्याच म्हणण्याला छेद देणारा एक आकडा प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. २०२४ च्या पाहणीत करमणूक, वाचन, दूरदर्शन, खेळ अशा विरंगुळ्यात पुरुषांची १७७ मिनिटे जातात आणि स्त्रियांची १६४. फरक केवळ तेरा मिनिटांचा! मग तक्रार कशाची, असे कोणीही म्हणेल. हा आकडा वाचून मीही थांबलो होतो.

त्याचे उत्तर मला ग्रंथांत मिळाले नाही, घरात मिळाले. काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्या काळात घर मी चालविले. चालविले म्हणजे त्यांनी खुर्चीवरून सांगितले आणि मी केले. पाहणीची ती रीत तेव्हा माझ्या वाचनात आलेली होती, म्हणून एका वहीत मी रोजच्या वेळा टिपून ठेवल्या. मला वाटले होते की तास फार निघतील. तास फार निघाले, पण आश्चर्य त्याचे नव्हते. मधला वेळही बराच निघाला. दूध तापेपर्यंत आठ मिनिटे. तिसरी शिट्टी होईपर्यंत बारा. भांडीवाल्या बाई येईपर्यंत वीस. दुपारी एकदा चाळीस मिनिटे सलग मिळाली, ती सबंध सहा आठवड्यांतील सर्वांत मोठी. त्या दिवसांत मला एक लेख लिहून द्यायचा होता. तो मी लिहू शकलो नाही. विरंगुळ्याचे बेरजेतले तास माझ्याकडे होते. बसता येईल असा एकही तास नव्हता. शिवाय वहीला जो रकानाच नव्हता ते एक निराळेच काम होते: ध्यानात ठेवणे. दळण संपत आले आहे, गॅस लावला पाहिजे, बाई परवा येणार नाहीत, सासूबाईंची गोळी उद्यापुरतीच आहे. पुस्तक हातात असतानाही हे चालू असते. सरकारी पाहणीत एका वेळी केलेल्या दोन-तीन कामांची नोंद घेण्याची सोय आहे, पण भाजी निवडता निवडता पाहिलेली मालिका आणि पाय पसरून पाहिलेला क्रिकेटचा सामना शेवटी एकाच रकान्यात जाऊन बसतात. हात बरा झाल्यावर वही बंद झाली आणि मीही बव्हंशी पूर्वीच्या जागी परत गेलो. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. मघाच्या शंभरांत मी कोणत्या गटात मोडतो, ते दिवसावर अवलंबून आहे.

मराठी साहित्य या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत त्यांचा सुरुवातीचा अभ्यास रात्रीचा आहे, दिवस घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या सत्तेखाली गेलेला आहे. बहिणाबाई चौधरींनी गाणी रचली ती शेतात आणि जात्यावर. कागदावर उतरविण्याचे काम मुलगा सोपानदेव आणि आणखी एक आप्त यांनी केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. या ओव्यांचे आपण कौतुक करतो, मीही वर्गात करतो. पण इतक्या स्त्रियांनी दोन-तीन ओळींचीच ओवी का रचली, आख्यान का नाही, याचे एक कारण छंदशास्त्रात नसून घड्याळात असावे. हात दळणात, तोंड तेवढे मोकळे. गिरणी आली, तशी पहाट मोकळी झाली आणि ओवीही गेली. मोकळी झालेली पहाट लगेच दुसऱ्या कशाने तरी भरली. आपल्या वाङ्मयात स्त्रीबरोबर जात्याला हात लावणारा ठळक पुरुष एकच आठवतो, तो पंढरीचा पांडुरंग. तोही जनाबाईसाठी. रखुमाईचे दळण कोण दळीत होते ते संतांनी लिहून ठेवलेले नाही.

आता आपल्या ग्रंथालयाविषयी. आपली संध्याकाळची वेळ साडेपाच ते आठ अशी आहे आणि ती मला आठवते तेव्हापासून आहे. कचेरीतून सुटलेल्या पुरुषाला ती सोयीची आहे. घरात कणीक मळली जाते तीही हीच वेळ. मी कार्यकारिणीवर होतो त्या वेळी एका सभासद भगिनीने लेखी सूचना पाठविली होती, की आठवड्यातून काही दिवस ग्रंथालय दुपारी उघडावे. चर्चा दहा मिनिटे झाली. एका साहाय्यकाचा जादा पगार पडेल, दुपारी येणार कोण, आणि बायकांना पुस्तके घरपोच मिळतातच की, असे मुद्दे निघाले. शेवटचा मुद्दा माझा होता. घरपोच म्हणजे मुलाच्या हातून, चिठ्ठीवर. मी चिठोरे घेऊन येथे धावत आलेला मुलगा, आणि ते कसे वाचन होते हे मला ठाऊक असायला हवे होते. शेल्फापुढे उभे राहून, चार पुस्तके काढून, दोन परत ठेवून, मग एक निवडायचे, हे आईला जन्मात फार तर दहा-बारा वेळा मिळाले असेल. सूचना नामंजूर झाली. विरोधात हात वर करणाऱ्यांत मी होतो. त्या बाईंनी पुढे वर्गणी भरली नाही.

दुपारी दार उघडल्याने घरातील कामाची वाटणी बदलणार नाही, हे मला कळते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला तर दुपार मुळीच उपयोगाची नाही. तिच्यासाठी रविवारची सकाळ पाहावी लागेल, आणि रविवारची सकाळ तिच्या घरी कोणी तिला देईल का, हा प्रश्न उरेलच. संध्याकाळी साडेसहाला पुरुषांनी कुकर लावावा असा ठराव आपल्या घटनेत बसत नाही. बसत असता तर तोच मांडला असता. जे बसते तेवढे मांडतो.

आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोन ते साडेचार आणि रविवारी सकाळी दहा ते साडेबारा ग्रंथालय उघडे ठेवावे. सभासदत्वाच्या नोंदणीत कुटुंबातील प्रत्येक वाचकाचे नाव स्वतंत्र लिहावे, आणि पुस्तक कोणी वाचायला नेले याची नोंद त्या नावाने व्हावी. साहाय्यकाच्या जादा पगाराचा आणि दिव्या-पंख्याचा वार्षिक अंदाज मी काढला आहे; तो कागद चिटणीसांकडे देत आहे. पहिल्या वर्षाचा एक-चतुर्थांश खर्च मी देतो. हा ठराव मागच्या वेळी नामंजूर झाला असल्यामुळे पुन्हा मांडायला नियमाप्रमाणे अनुमोदक लागेल. सभेत कोणी अनुमोदन देत असेल, तर कृपया हात वर करावा.